हिची गोळी

लातुरात त्या काळी दर तिसऱ्या घरावर क्लासची पाटी होती, आणि उरलेल्या दोन घरांवर ‘मुलींसाठी रूम मिळेल’ अशी. भूकंप होऊन अकरा-बारा वर्षं झाली होती. पडलेल्या भिंतींचं नाव कुणी काढत नव्हतं. गावोगावची लेकरं आणून त्यांना डॉक्टर करायच्या उद्योगाला सगळं शहर लागलं होतं. यातली थोडी लेकरं डॉक्टर होत. त्यांचे फोटो चौकाचौकात लागत. बाकीच्यांचं काय होतं, हे मात्र कुठल्या फलकावर लिहिलेलं नसे.

लुबनाचं काय झालं ते सांगतो. बिलोलीच्या चांदपाशा घड्याळवाल्याची ही थोरली. बारावीला लातुरात आली, एक वर्ष रिपीट केलं, आणि दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. मग दाताच्या कॉलेजात हायजिनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि परत लातुरातच डॉ. शिल्पांच्या दवाखान्यात लागली. दातांवरचं कीटण काढायचं, हिरड्या तपासायच्या, पेशंटला ब्रश कसा धरावा ते शिकवायचं आणि फॉर्म भरायचा, हे तिचं काम. चुलत बहीण सादिया एका लग्नात सगळ्यांदेखत म्हणाली होती, “गेली डॉक्टर व्हायला, आली लोकांचे दात घासून.” लोक हसले. लुबनाही हसली, पण त्यानंतर तिनं लग्नांना जायचं टाळलं.

दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत तिची खोली. एक कॉट, एक गॅस, आणि औषधशास्त्राचं एक पातळ पुस्तक, झेरॉक्स केलेलं, दोऱ्यानं शिवलेलं. डॉक्टर लोकांचं पुस्तक उशीएवढं जाड असतं. हायजिनिस्टला त्यातलं गरजेपुरतंच शिकवतात. कुठलं औषध चालू असेल तर रक्त लवकर थांबत नाही, कुठल्यानं तोंड कोरडं पडतं, भुलीच्या इंजेक्शनाआधी काय विचारायचं. लुबनाला ते पान न् पान पाठ होतं. पण पाठ असून उपयोग काय, विचारणारं कुणी नव्हतं. रविवारी बूथवरून घरी फोन लावला की अम्मी रजिया एवढंच विचारायची, “खाना खाई ना तू?” लुबना हो म्हणायची. मग दोघींनाही पुढं काय बोलावं ते सुचायचं नाही.

कामात मात्र ती चोख होती. फॉर्मवर एक प्रश्न होता: सध्या कोणती औषधे चालू आहेत? सुरुवातीला ती तो जसाच्या तसा विचारायची आणि लोक बिनदिक्कत ‘काही नाही’ म्हणून मोकळे व्हायचे. एकदा सुमनबाई नावाच्या बाईंनी असंच ‘काही नाही’ सांगितलं. दात काढला, आणि रक्त काही केल्या थांबेना. शिल्पा मॅडमच्या नाकी नऊ आले. शेवटी बाई कापसाच्या बोळ्याआडून म्हणाल्या, “रगत पातळ करायची एक गोळी हाय, पर ती हार्टची हाय. दाताला काय करायचं तिचं?” त्या दिवशी लुबनानं कानाला खडा लावला. तेव्हापासून ती प्रत्येकाला सांगायची, पुढच्या वेळी घरातला गोळ्यांचा डबा घेऊन या. मग लोक कॅरीबॅगा, पेढ्यांचे बॉक्स, डालड्याचे डबे घेऊन यायचे आणि ती ते टेबलावर पालथे करायची.

अण्णाराव डबा आणत नव्हते.

सत्तरीकडे झुकलेला, पांढऱ्या टोपीचा हा माणूस दर गुरुवारी यायचा. औशाकडच्या एका गावात त्यांची शेती होती. भूकंपात घर गेलं, हरिओम नावाचा एकुलता मुलगा गेला, आणि नवरा-बायको लातुरात येऊन राहिले. वरच्या तीन खोल्यांत क्लासच्या मुली ठेवल्या होत्या. आता बायको तारामतीही गेली होती. तिला वर्ष होऊन गेलं होतं. हे सगळं त्यांनी पहिल्याच गुरुवारी सांगितलं, तेही तोंडात आरसा असताना.

त्यांच्या हिरड्या पाहून लुबना चपापली. पुढच्या दातांच्या फटीफटीतून हिरडीचे गुलाबी कोंब वर आले होते, डाळिंबाच्या दाण्यांसारखे. असंच चित्र तिच्या पुस्तकात होतं. त्याखाली तीन औषधांची नावं होती: एक फिटचं, एक किडनी बदलल्यावर देतात ते, आणि एक ब्लडप्रेशरचं, निफेडिपिन.

“काका, बीपीची गोळी घेता?”

“न्हाई बा. बीपी न्हाई, शुगर न्हाई. धडधाकट हाव मी.”

“फिट वगैरे? कुठली तरी रोजची गोळी?”

“माझं एक बी औषध न्हाई, माय. आजवर इंजेक्शन बी न्हाई घेतलं.”

डोळ्यांत बघून सांगत होते. डबा आणा म्हटलं, तर म्हणाले, मला डबाच न्हाई. लुबनानं बीपी मोजलं. जास्त सोडा, कमीच निघालं. शिल्पा मॅडम म्हणाल्या, “कीटणानं सुजल्या असतील. चार बैठकांत साफ कर, बसतील.” लुबनानं साफ केलं. ब्रश शिकवला. अण्णाराव तर शाळकरी मुलासारखे दोन्ही वेळा घासत होते. तरी हिरड्या हटायला तयार नव्हत्या. तिला दिवसरात्र तेच दिसू लागलं. उत्तर पानावर लिहिलेलं आहे, आणि समोरचा माणूस म्हणतो प्रश्नच चुकलाय! परीक्षेत दोनदा हुकलेल्या मुलीला हे किती लागत असेल, ते हुकलेल्यांनाच कळेल. एकदा, फक्त एकदा, तिला आपलं उत्तर बरोबर यायला हवं होतं.

आणि खरं सांगायचं तर गुरुवार तिला आवडायला लागला होता. अण्णाराव तासभर आधी येऊन बसायचे. येताना खिशातून भाजलेल्या शेंगा आणायचे, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून तिच्या टेबलावर ठेवायचे. “जेवलीस का?” असं विचारायचे आणि उत्तर ऐकायला थांबायचे. तिला लातुरात असं कुणीच विचारत नव्हतं. ते म्हणायचे, “वर बारा पोरी ऱ्हातात. जिन्यावरून उतरतात अन् ‘काका, पानी गेलं’ म्हनतात. पानी आलं की तेवढं बी न्हाई.” लुबनाला ते ऐकून लाजल्यासारखं व्हायचं. तीही कधीकाळी अशाच एका जिन्यावरून उतरायची. त्या घरच्या काकांचं नाव तिला आजही माहीत नव्हतं.

पाचव्या गुरुवारी खुर्चीतून उठताना अण्णाराव एकदम झुकले आणि त्यांनी बेसिन धरलं. चेहरा पांढराफटक. लुबनानं त्यांना परत आडवं केलं, पाय वर घेतले. थोड्या वेळानं रंग आला. “असं होतं कधीकधी,” ते म्हणाले, “भाकर कमी पडली आसंल.” मॅडमनी लुबनाला सोबत धाडलं. ऑटोनं ती त्यांना घरी घेऊन गेली, तेव्हा साडेपाच झाले असतील.

घर नीटनेटकं होतं. कोनाड्यात एक गजराचं घड्याळ होतं, चावीचं, जुनं. घड्याळवाल्याच्या मुलीची नजर आधी तिकडंच गेली. अशा घड्याळाचा काटा एकदा सहावर लावला की ते सकाळच्या सहालाही वाजतं आणि संध्याकाळच्या सहालाही. त्याला दिवस काय आणि रात्र काय, दोन्ही सारखेच. चावी भरलेली होती. भिंतीवर तारामतीबाईंचा फोटो, हार सुकलेला. फोटोत बाईंनी पदराचं टोक तोंडापुढं धरलं होतं, डोळे तेवढे हसत होते.

अण्णारावांनी चहा टाकला. घड्याळ वाजलं. ते उठले, गजर बंद केला, घड्याळामागून एक छोटा स्टीलचा डबा काढला, त्यातून एक गोळी घेतली, फोटोकडं एकदा बघितलं आणि पाण्याबरोबर गिळून टाकली. मग चहात साखर घालायला लागले, जणू काही झालंच नाही.

“काका! हे काय घेतलंत?”

“हे व्हय? ही हिची गोळी.”

“मग तुम्ही का घेतली?”

अण्णाराव तिच्याकडं असे बघत राहिले, की हे काय विचारणं झालं. “मंग कोन घेनार? ती गेली ना.”

मग हळूहळू सगळं निघालं. भूकंपात तारामतीबाई अर्धा दिवस दगडामातीखाली होत्या. वर काढल्यावर तंबूतल्या डॉक्टरनं बीपी बघितलं आणि ही गोळी सुरू केली. पोरगं गेल्यापासून त्यांचं कशातच लक्ष नव्हतं, गोळी तर हमखास विसरायच्या. तेव्हा अण्णारावांनी हे घड्याळ आणलं आणि सकाळ-संध्याकाळ सहाला स्वतःच्या हातानं त्यांच्या तळहातावर गोळी ठेवू लागले. दहा वर्षं. एकही टायम चुकला नाही. त्या गेल्या, त्या दिवशी संध्याकाळीही घड्याळ वाजलं. घरात माणसं बसली होती. अण्णाराव उठले, डबा काढला, गोळी हातात घेतली, आणि ती आता कुठं ठेवावी हे त्यांना कळेना. म्हणून तोंडात टाकली.

“अन् गोळ्या संपल्यावर?”

“गल्लीच्या तोंडाला मेडिकल हाय. चिठ्ठी जुनीच दावतो. त्यो पोऱ्या दर महिन्याला इचारतो, काकू बऱ्या हायत का. मी म्हनतो, बऱ्या हायत.” त्यांनी बशीत चहा ओतला. “सगळ्या लातुरात तेवढं एकच ठिकान ऱ्हायलंय माय, जिथं ती बरी हाय.”

इथं लुबनानं थांबायला हवं होतं. हात जोडून उठायचं, दुसऱ्या दिवशी शिल्पा मॅडमना सांगायचं, आणि पुढचं सावकाश, रीतीनं. पण तिचा हात डब्याकडं गेला होता. तिनं गोळ्यांची पट्टी उजेडात धरली, मागची बारीक अक्षरं वाचली: निफेडिपिन. आणि तिला इतका आनंद झाला, इतका, की ती अक्षरशः टाळी वाजवून म्हणाली, “सापडलं! काका, सापडलं! ह्याच गोळीनं तुमच्या हिरड्या वाढल्यात. चक्करही हिच्यामुळंच, तुमचं बीपी मुळात चांगलं आहे ना, ते आणखी खाली जातं. ही शिरा सैल करते. आणि काही काही लोकांच्या हिरड्या हिच्यामुळं अशाच फुगतात, कितीही घासा, पुरत्या बसत नाहीत. पुस्तकात फोटो आहे!” दोन वर्षं जे पान कुणी विचारलं नव्हतं, ते तिनं एका दमात म्हणून दाखवलं.

अण्णारावांनी बशी खाली ठेवली.

“कितीबी घासलं तरी?”

“हो ना! तुमची काही चूकच नाही.”

अण्णाराव म्हणाले, “हिच्या बी अशाच होत्या.”

लुबनाचं हसू ओठांवरच राहिलं.

“अशाच. माझ्यापरीस जास्ती. दात निम्मे झाकले होते. रगत यायचं, वास यायचा.” ते फोटोकडं बघत नव्हते, जमिनीकडं बघत होते. “मी लई बोललो हिला. घासत न्हाईस, घाण हाईस, म्हनलो. पाव्हन्यांम्होरं म्हनलो, जरा लांब बस. दाताच्या डाक्टरकडं चल म्हनलं तर लाजंनं आली न्हाई, मला काय म्हनतील म्हनून. दिसातून चार-चार येळा घासायची, म्हनायची, मी घासते हो, खरंच घासते. मी म्हनायचो, खोटी हाईस. मंग तोंडावर पदर धरायला लागली ती धरलाच. सयपाकघरात एकटीच जेवायची. चार वर्सं हसताना बघितली न्हाई हिला.” त्यांनी मान वर केली. “अन् गोळी मीच देत हुतो. दोन टाइम. ह्या हातानं.”

“काका, त्या गोळीनंच त्या दहा वर्षं जगल्या...”

“त्या गोळीमुळंच का, एवढं सांग. हिच्या बी?”

नाही म्हणता आलं असतं. वयानं होतं, शुगरनं होतं, हजार कारणं असतात. एक शब्द खोटा बोलली असती तर म्हातारा निवांत झोपला असता. पण लुबना आयुष्यभर बरोबर उत्तराच्या मागं धावलेली मुलगी होती, आणि शिवाय तिला तारामतीबाईंचे ते डोळे दिसत होते. मी घासते हो, खरंच घासते. त्या बाईंच्या बाजूनं बोलणारं आता जगात कुणीच नव्हतं.

“हो, काका,” ती म्हणाली. “बहुतेक त्यामुळंच.”

त्यांनी डबा तिच्या हातातून घेतला, झाकण लावलं आणि घड्याळामागं ठेवला. “अंधार पडायच्या आत जा,” म्हणाले. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी तिची पाठ थोपटली, “हे माझ्याही डोक्यात आलं नसतं गं,” म्हणाल्या, अण्णारावांना फोन करून गोळी बंद करा म्हणून बजावलं, फिजिशियनच्या नावानं चिठ्ठीही लिहून ठेवली. लुबनाला ज्या कौतुकासाठी एवढी वर्षं जीव टाकावासा वाटायचा, ते कौतुक हे असं शुक्रवारी सकाळी, कापसाचे बोळे करता करता मिळालं. त्याची चवही लागली नाही.

पुढच्या गुरुवारी अण्णाराव आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तिनं एकदा फोन लावला. वरच्या कुठल्याशा मुलीनं उचलला आणि काका बाहेर आहेत म्हणाली, नाव विचारलं नाही. घरी जायचं तिनं तीनदा ठरवलं. एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेलीही. तिथं ते मेडिकल दिसलं आणि पाऊल पुढं पडेना. तारामतीबाई बऱ्या होत्या ते एकच ठिकाण, आणि ते आपण बंद पाडलं! पुस्तकात शेवटच्या पानावर ‘रुग्णाला माहिती कशी द्यावी’ असा एक भाग होता. चार ओळींचा. सोप्या भाषेत सांगावे, असं लिहिलेलं. सोप्या भाषेतच तर सांगितलं होतं तिनं.

गुरुवारचे चार वाजले की ती उगीच दाराकडं बघायची. घरी फोन केला, अम्मीनं खाना खाई क्या विचारलं, तेव्हा तिला रडू आलं, आणि ते दाबायला तिनं ‘लाइन खराब है’ म्हणून फोन ठेवून दिला. एवढ्या मोठ्या शहरात एक माणूस होता जो तिचं उत्तर ऐकायला थांबायचा. त्याला तिनं उत्तर दिलं, आणि तो गेला.

तिसरा महिना लागला, तेव्हा एका सकाळी ते दारात उभे. टोपी स्वच्छ, दाढी केलेली, बगलेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. शेंगा नव्हत्या. लुबना उठून उभी राहिली.

“बघ,” म्हणून ते स्वतःच खुर्चीत बसले आणि आ केला. कोंब निम्म्यावर आले होते. हिरडी दाताच्या गळ्याला बसू लागली होती.

“छान झालंय, काका,” ती हळूच म्हणाली. “गोळी बंद केलीत?”

“दुसऱ्याच दिशी. मेडिकलवाल्याला बी सांगून टाकलं. लई वाईट वाटलं त्या पोऱ्याला.” ते खुर्चीतून उतरले. “घड्याळाची चावी देत न्हाई आता. पर सहाला जाग येतीच.”

मग त्यांनी टॉवेल सोडला. आत तारामतीबाईंचा फोटो होता, काच पुसलेली. तो त्यांनी पेशंटच्या खुर्चीवर, डोकं टेकतात तिथं, नीट उभा केला.

“एक काम हाय तुज्याकडं. मी रोज सांगतो हिला, तुजी चूक न्हवती म्हनून. पर माजं हिला पटायचं न्हाई. दहा वर्सं मीच उलटं बोललो, आता कशी इस्वास ठेवंल? तू शिकलेली हाईस. तू सांग.”

लुबनानं शिल्पा मॅडमच्या केबिनकडं पाहिलं. मॅडम अजून आल्या नव्हत्या. बाहेर बाकावर दोन पेशंट फॉर्म भरत होते. हसण्यासारखं होतं सगळं, आणि तिला जराही हसू आलं नाही.

अण्णाराव दवाखान्याच्या रीतीला आता सरावले होते. तपासताना नातेवाइकांनी बाहेर थांबायचं, हे त्यांना माहीत होतं. ते आपणहून पडद्याबाहेर गेले आणि पडदा ओढून घेतला.

लुबना स्टुलावर बसली. सवयीनं तिनं खुर्ची थोडी मागं केली, दिवा डोळ्यांवर येऊ नये म्हणून बाजूला वळवला. मग तोंडावरचा मास्क काढला, कारण काही गोष्टी मास्कमागून सांगायच्या नसतात.

“तारामतीकाकू,” ती म्हणाली, “मी लुबना. मी दात साफ करते.” “तुमच्या हिरड्या गोळीनं वाढल्या होत्या. ती गोळी तुमच्या जिवासाठी होती, काकांनी ती जिवासाठीच दिली. तिचा हा त्रास कुणाकुणाला होतो, हे त्यांना माहीत नव्हतं. तुम्हालाही कुणी सांगितलं नाही. घाणीनं झालं नव्हतं ते. तुम्ही दात नीट घासत होता. खरं बोलत होता.”

पडद्याच्या कडेला अण्णारावांची बोटं दिसली. ते आत आले नाहीत.

“काय म्हनली?”

लुबनानं फोटोकडं पाहिलं. पदर होता तिथंच होता. तिला आयुष्यात सगळी उत्तरं पुस्तकातून द्यायची सवय होती, आणि ह्याचं उत्तर कुठल्याच पानावर नव्हतं.

“हसल्या, काका.”

बराच वेळ ती बोटं तिथंच राहिली.

“पदर न्हाई धरला?”

“न्हाई,” लुबना म्हणाली. “न्हाई धरला.”